व्हायरल लोड शून्य, तरी मशीन 'पॉझिटिव्ह'चंच?

गोदाकाठ
सोमवार, रात्री ११:४०

मंडळी, इतकी वर्षं इथे वाचनमात्र होतो. आज लिहायला बसलो, कारण डोकं चालेनासं झालंय.

वडील (अण्णा) ६७ वर्षांचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. साखरेने किडन्या गेल्या. २०२१पासून सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस, तालुक्याच्या गावी एका खाजगी सेंटरमध्ये. योजनेत बसतं म्हणून पैशाचा भार नाही, तेवढं बरं. पाळी सकाळी सहाची होती. पहिल्या गाडीने जायचे, अकराच्या आत घरी, जेवण, झोप. गाडीतले ड्रायव्हर-कंडक्टर ओळखीचे, त्यामुळे ते दोन दिवस त्यांना ड्युटीवर गेल्यासारखेच वाटायचे.

मागच्या वर्षी सहामाही रक्ततपासणीत एचसीव्ही (हेपॅटायटिस सी चा विषाणू) पॉझिटिव्ह आलं. सिस्टरने रिपोर्ट हातात दिला नाही, टेबलावरून बोटाने सरकवला. अण्णांच्या ते अजून लक्षात आहे. त्याच दिवशी खुर्ची बदलली. हॉलच्या टोकाला पडद्यामागे एक मशीन आहे, त्याला लाल पट्टी. त्यावर आधीच आठ जण, म्हणून उरलेली पाळी मिळाली, रात्री नऊची. सुटायला एक वाजतो. तेव्हा कुठली एसटी! मी मोटरसायकलवर आणतो. एकदा वाटेत बीपी उतरलं आणि रस्त्याकडेला त्यांना आडवं घालून पाय वर धरून बसलो होतो.

घरी आईने ताट-वाटी वेगळी केली. तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिने आपणहून केली. अण्णांनी नातवाला मांडीवर घेणं सोडलं.

सिव्हिलमध्ये मोफत औषध मिळतं असं कळलं. डायलिसिसचा पेशंट म्हणून त्यांनी तिथे न देता वरच्या केंद्रात पाठवलं. तिथून गोळ्या, रोज एक, १२ आठवडे. संपल्यावर आणखी १२ आठवडे थांबून व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे त्याची तपासणी) केला. 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', म्हणजे विषाणू सापडला नाही. डॉक्टर म्हणाले, बरे झालात. आम्ही पेढे वाटले, अण्णांनी अर्धा खाल्ला.

रिपोर्ट घेऊन सेंटरवर गेलो, तर इन्चार्ज म्हणतात, "कार्डावर (झटपट रक्तचाचणीत) अजून पॉझिटिव्हच येतंय. आमच्याकडे कार्ड बघतात. मशीन बदलता येणार नाही."

बरे झालेल्या माणसाने जन्मभर लाल पट्टीवरच बसायचं का? आणि हे आलं कुठून? सेंटरवाले म्हणतात, दातवाल्याकडे गेला असाल. अण्णांच्या तोंडात कवळी आहे हो, दहा वर्षं झाली.

---

काकडीची_कोशिंबीर
मंगळवार, सकाळी ७:१२

वाचून वाईट वाटलं. 'बोटाने सरकवला' हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

---

अर्धा_कप
मंगळवार, सकाळी ८:०५

मी स्वतः नऊ वर्षं डायलिसिसवर आहे (आयडी त्यावरूनच, दिवसाचा चहा तेवढाच). दोन सेंटरं बदलली. पहिल्या सेंटरमध्ये सी झालेल्यांसाठी वेगळं मशीन होतं, आताच्या सेंटरमध्ये नाही. आताच्या ठिकाणी सहा वर्षांत एकही नवी केस नाही. पहिल्या ठिकाणी मी होतो त्या तीन वर्षांत चौघांना झालं. माझ्या एकट्याच्या अनुभवावरून नियम काढू नये हे कळतं, पण फरक पट्टीत नव्हता. आताच्या सिस्टर माझ्याकडून शेजारच्याकडे जाताना हातमोजे काढून टाकतात, हात चोळतात, नवे घालतात. पहिल्या ठिकाणी एका जोडीत अख्खी रांग व्हायची.

अण्णांना सांगा, कार्ड आयुष्यभर पॉझिटिव्ह येणार. त्याचा धसका घेऊ नका.

---

आरओचं_पाणी
मंगळवार, दुपारी ३:३०

मी डायलिसिस टेक्निशियन. बारा वर्षं झाली. सध्या मराठवाड्यात आहे, गाव सांगत नाही, मालक पण इथे वाचत असतील.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. पेशंटचं रक्त मशीनच्या पोटात जात नाही. रक्त फिरतं ते ट्यूबिंगमधून आणि डायलायझरमधून, म्हणजे गाळणीतून. मशीनमधून जातं ते पाणी, म्हणजे डायलायसेट. दोघांच्या मध्ये डायलायझरचा पडदा, आणि त्याच्या छिद्रांपेक्षा हा विषाणू कितीतरी मोठा. पडदा फाटला तर मशीन ब्लड लीकचा अलार्म देतं. शिवाय पाळी संपली की मशीनला आतून हीट किंवा केमिकल डिसइन्फेक्शन लावतात.

एक चोरवाट आहे. प्रेशर मोजायच्या नळीच्या टोकाला एक छोटं फिल्टर असतं, ट्रान्सड्यूसर प्रोटेक्टर. प्रेशर वाढून रक्त वर चढलं आणि ते ओलं झालं, तर मशीनचं तोंड घाण होऊ शकतं. ते ओलं झालेलं दिसलं की लगेच बदलायचं आणि मागचं तोंड तपासायचं. लई ठिकाणी लोक सिरिंजने हवा मारून रक्त मागे ढकलतात आणि पुढे चालू ठेवतात. मी पण नवा असताना केलंय. कबूल करतो.

आता खरं कुठून लागतं ते सांगतो. हेपॅरिनची (रक्त गोठू नये म्हणून द्यायच्या औषधाची) बाटली ५ मिलीची, २५,००० युनिटची. एक बाटली चार-पाच पेशंटला पुरते. एकाला दिलं, थोडं अजून द्यायला लागलं, त्याच सिरिंजने परत बाटलीत सुई घातली, की संपलं. मग ती ट्रॉली, जी बेडपासून बेडपर्यंत फिरते. एकाच्या फिस्टुलाला (डायलिसिससाठी हातात ऑपरेशनने तयार केलेल्या शिरेला) टोचून त्याच हातमोज्यांनी पुढच्या मशीनचं बटन दाबलं. बीपीचा कफ, टेप, क्लॅम्प, खुर्चीचा हात. सुकलेलं रक्त डोळ्याला दिसत नाही आणि हा विषाणू त्यात कित्येक दिवस जिवंत राहतो.

आणि हे सगळं कधी होतं? पाळी बदलताना. सहाची पाळी दहाला सुटते, साडेदहाची माणसं दारात उभी. मला एकट्याला पाच मशीनं. खुर्ची एक टक्का हायपोक्लोराइटने पुसून ती सुकू द्यायची असते. सुकू देतंय कोण? बाहेरून नातेवाईक ओरडतात, "ओ साहेब, कधी लावताय!" पहिला माणूस खुर्चीवरून उठायच्या आत दुसऱ्याचं ट्यूबिंग प्रायमिंग (सलाइन भरून तयार करणं) चालू असतं. तसं करायचं नसतं. होतं.

लाल पट्टीने यातलं काय थांबलं, सांगा. पडद्यामागचं मशीन वेगळं, पण पडद्यामागे जाणारा मी तोच, ट्रॉली तीच, बाटली तीच.

गोदाकाठ, तुम्ही विचारलं नाहीत तो प्रश्न मी विचारतो. अण्णांच्या पाळीतल्या बाकीच्यांची व्हायरल लोडची तपासणी झाली का? तालुक्याच्या सेंटरमध्ये लाल मशीनवर आठ जण म्हणजे काहीतरी वाहतंय तिथे.

---

माळावरचा_म्हसोबा
मंगळवार, दुपारी ४:१०

+१. टेक्निशियनने इतकं उघड लिहिलेलं पहिल्यांदा वाचतोय. वाचनखूण साठवली.

---

ठमाकाकू
मंगळवार, सायं. ६:४५

मला न आवडणारं लिहायचंय, राग मानू नका. माझी आई डायलिसिसवर आहे आणि निगेटिव्ह आहे. उद्या तिच्या खुर्चीवर आधी पॉझिटिव्ह माणूस बसला होता असं कळलं तर मी भांडेन. सेंटरने वेगळं मशीन ठेवलं तर त्यांनी पेशंटची काळजीच घेतली ना? अण्णांबद्दल सहानुभूती आहे, पण बाकीच्यांनी धोका का पत्करायचा?

---

रक्तगाळणी
मंगळवार, रात्री १०:२०

व्यवसायाने नेफ्रॉलॉजिस्ट. ओपीडी संपवून लिहितोय, थोडं विस्कळीत होईल.

ठमाकाकू, तुमचा राग रास्त आहे, फक्त तो चुकीच्या खुर्चीवर निघतोय. तुमच्या आईला धोका लाल पट्टीवाल्यापासून कमी आणि पट्टी नसलेल्यापासून जास्त आहे. कसा ते सांगतो.

कार्ड म्हणजे अँटीबॉडीची तपासणी. विषाणू अंगात शिरल्यावर शरीर त्याविरुद्ध जी प्रतिपिंडं बनवतं, ती कार्ड शोधतं. ती बनायला साधारण ८ ते ११ आठवडे लागतात. डायलिसिसच्या पेशंटची प्रतिकारशक्ती मुळात मंद असते, त्यामुळे कधी आणखी उशीर, कधी बनतच नाहीत. विषाणूचा आरएनए (त्याचं जनुकीय द्रव्य, व्हायरल लोडमध्ये मोजतात ते) मात्र एक-दोन आठवड्यांत रक्तात दिसू लागतो. म्हणजे दोन-अडीच महिने असा माणूस 'निगेटिव्ह'च्या रांगेत, तुमच्या आईशेजारी बसलेला असतो, आणि त्याला, सेंटरला, कुणालाच पत्ता नसतो. लक्षणंही नसतात. कावीळ फार थोड्यांना होते. एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढेल म्हणावं, तर किडनीच्या पेशंटमध्ये ते मुळातच खालच्या पातळीवर असतं. लॅबच्या कागदावर 'नॉर्मल' छापलेला आकडा त्याच्यासाठी वाढलेला असू शकतो.

म्हणून किडनीविकारांसाठीची केडिगो ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं (२०१८ आणि सुधारित २०२२) सांगतात की सेंटरमध्ये नव्याने येणाऱ्याची थेट आरएनए तपासणी करा, किंवा आधी प्रतिपिंडं आणि ती आढळली तर आरएनए, पुढे दर सहा महिन्यांनी तपासा, आणि एक नवी केस सापडली की सेंटरमधल्या सगळ्या पेशंटना तपासा. तीच तत्त्वं असंही म्हणतात की सी साठी वेगळं मशीन नको, वेगळी खोली नको. प्रत्येक पेशंटला पॉझिटिव्ह समजून हात धुवा.

आपल्याकडे बरीच सेंटरं तरीही वेगळं मशीन ठेवतात. मी त्यांना मूर्ख म्हणणार नाही. एका माणसामागे पाच मशीनं असतील तर निदान ओळखीचा धोका बाजूला ठेवू, हा त्यांचा हिशेब. अडचण अशी की पट्टी लावली की उरलेल्या हॉलमध्ये सगळे सैल होतात.

आता अण्णा. कार्ड पुढेही पॉझिटिव्हच येत राहणार, कारण प्रतिपिंडं ही जुन्या लढाईची खूण. गोवर येऊन गेलेल्याच्या रक्तातही ती असतात, म्हणून त्याला आज गोवर आहे असं आपण म्हणत नाही. फरक एवढा की गोवर परत होत नाही, हा परत होऊ शकतो. ही प्रतिपिंडं संरक्षण देत नाहीत.

आणि म्हणूनच सेंटरचा निर्णय नुसता अपमानास्पद नाही, उलटा आहे. विषाणू नसलेल्या माणसाला तुम्ही अशा आठ जणांच्या मशीनवर बसवताय ज्यातल्या काहींच्या रक्तात विषाणू आहे. तुमच्याच मते ते मशीन धोकादायक असेल, तर अण्णांना तिथे ठेवणं म्हणजे त्यांना पुन्हा लागण होण्याची सोय करणं. धोकादायक नसेल, तर पडदा कशाला? दोन्हीपैकी एक काहीतरी ठरवा म्हणावं.

---

टवाळ_टिटवी
मंगळवार, रात्री १०:५८

शेवटचा परिच्छेद छापून सेंटरच्या दारावर चिकटवावा.

एक शंका. मग कावीळ बी (हेपॅटायटिस बी) साठी वेगळं मशीन असतं ते तरी बरोबर का?

---

रक्तगाळणी
मंगळवार, रात्री ११:१५

ते बरोबर. बी चा विषाणू रक्तात प्रचंड संख्येने असतो, कोरड्या पृष्ठभागावर सात दिवस टिकतो, आणि नुसतं हात धुण्याने डायलिसिस युनिटमधला त्याचा प्रसार थांबला नव्हता. वेगळी खोली, वेगळं मशीन, वेगळा माणूस केल्यावर थांबला. त्याची लसही आहे, डायलिसिसवाल्यांना दुप्पट मात्रेत देतात. सी ला लस नाही. लोक दोन्हींचा कारभार एकच समजतात, तिथून हा घोळ सुरू होतो.

---

सातासमुद्रापल्याड
बुधवार, पहाटे ४:४०

न्यू जर्सीत डायलिसिस नर्स आहे, मूळची साताऱ्याची. माझ्या युनिटमध्ये सी साठी वेगळं मशीन नाही. पण म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. आमच्या नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये एका डायलिसिस युनिटात २००१ ते २००८ या काळात नऊ पेशंटना तिथेच लागण झाल्याचं आढळलं. सरकारी तपासणी झाली, अहवाल २००९मध्ये आला, युनिट बंद झालं. ट्रेनिंगमध्ये आम्हाला तो वाचायला लावतात. त्यात मशीन बिघडल्याची गोष्ट नाही. साफसफाई आणि हातमोजे, एवढंच.

मग जानेवारी २०१६मध्ये सीडीसीने (इथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने) सगळ्या युनिटांना इशारा काढला. आधीच्या दोन वर्षांत आठ राज्यांतल्या १९ क्लिनिकमधून ३६ नव्या लागणी कळल्या होत्या. म्हणजे श्रीमंत देशातही माणूस घाईत असला की तेच होतं.

आमच्याकडे औषधं भरायची जागा पेशंटच्या खुर्चीपासून लांब, वेगळ्या कोपऱ्यात असते. तिथून एकाचं औषध एका वेळी उचलायचं, ट्रॉली फिरवायची नाही. खुर्चीपर्यंत गेलेली वस्तू परत साठ्यात येत नाही, न वापरलेली टेपसुद्धा. आरओचं_पाणी यांनी लिहिलेल्या ट्रॉलीबद्दल वाचून ते आठवलं. ट्रॉली बंद करायला पैसे लागत नाहीत हो.

---

वैद्यबुवा_नव्हे
बुधवार, सकाळी ९:३०

आमच्या भागात कावीळसाठी भुईआवळ्याचा रस देतात, हमखास उतरते. अण्णांना पुन्हा होऊ नये म्हणून रोज सकाळी एक पेला द्यायला काय हरकत आहे? दुष्परिणाम शून्य.

---

अर्धा_कप
बुधवार, सकाळी ९:५२

वैद्यबुवा, डायलिसिसवाल्याला पेलाभर पाला पिळून देऊ नका. पाणी मोजून प्यावं लागतं आणि हिरव्या रसात पोटॅशियम असतं. दोन डायलिसिसच्या मधल्या लांब सुट्टीत पोटॅशियम वाढलं की हृदय थांबतं. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचे काका नारळपाण्याने आयसीयूत गेले होते. 'दुष्परिणाम शून्य' हे दोन शब्द आमच्या जमातीसमोर कृपया उच्चारू नका.

---

वैद्यबुवा_नव्हे
बुधवार, सकाळी १०:२०

हे माहीत नव्हतं. शब्द मागे.

---

जुनी_पेटी
बुधवार, दुपारी १:१५

या धाग्यावर मी लिहू की नको असा विचार करत होते. माझ्या यजमानांचं आहे, ते आता नाहीत.

त्यांचं डायलिसिस १९९८ला सुरू झालं, पुण्यात. तेव्हा रक्त वाढवायचं इंजेक्शन (एरिथ्रोपोएटिन) आम्हाला परवडत नसे. हिमोग्लोबिन पाच-सहावर आलं की रक्ताची पिशवी लावायची. दर दोन महिन्यांनी एक. त्या काळी रक्तपेढ्यांत सी ची तपासणी आजच्यासारखी सक्तीची नव्हती. त्यांना पिशवीतून आला की मशीनवर, कोणास ठाऊक.

२००४ला कळलं. औषध म्हणजे इंटरफेरॉनचं इंजेक्शन, आणि जोडीला रिबाव्हिरिन. ते लाल पेशी फोडतं आणि किडनीवाल्याच्या अंगातून बाहेरही पडत नाही, म्हणून त्यांना अगदी थोडं देत, तरी हिमोग्लोबिन खाली. इंजेक्शनच्या रात्री तापाने थंडी भरायची, दोन गोधड्या घालूनही दात वाजायचे. केस गेले. स्वभाव गेला, हे जास्त. ज्या माणसाने कधी आवाज चढवला नव्हता तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. पाच महिन्यांनी त्यांनीच सोडलं. म्हणाले, "यकृताने मरेन तेव्हा मरेन, याने आज मरतोय."

माझी किडनी जुळत होती. पण विषाणू अंगात असताना प्रत्यारोपणाला डॉक्टर तयार नव्हते, आणि प्रत्यारोपणानंतर इंटरफेरॉन दिलं तर नवी किडनीच फेकली जाण्याची भीती. दोन्ही दारं बंद. २०११ला गेले.

गोदाकाठ, रोज एक गोळी आणि बारा आठवडे हे तुमच्या पोस्टमध्ये एका ओळीत आलंय. मी ती ओळ तीनदा वाचली. माझी किडनी अजून माझ्याच जवळ आहे.

---

गोदाकाठ
बुधवार, दुपारी २:०५

ताई, काय लिहू.

---

माळावरचा_म्हसोबा
बुधवार, सायं. ७:३०

जुनी_पेटी यांच्या प्रतिसादानंतर औषधाबद्दल लिहावं की नाही कळत नाही, पण औषध कंपनीत वीस वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो.

ज्याने हे सगळं पालटलं ते औषध सोफोसबुव्हिर. नाव मायकेल सोफिया या रसायनशास्त्रज्ञावरून पडलंय. डिसेंबर २०१३मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि किंमत लागली १२ आठवड्यांना ८४,००० डॉलर. एक गोळी हजार डॉलरला. सप्टेंबर २०१४मध्ये गिलियडने (हे औषध विकणारी अमेरिकन कंपनी) सात भारतीय कंपन्यांना जेनेरिक बनवायचा परवाना दिला आणि २०१५पासून आपल्याकडे ती मिळू लागली, मूळ किमतीच्या किरकोळ अंशात. परदेशातून लोक इथे औषधासाठी यायचे. तो काळ मी कंपनीच्या आतून पाहिला.

डायलिसिसवाल्यांना मात्र तरीही थांबावं लागलं. सोफोसबुव्हिरचा अवशेष किडनीतून बाहेर पडतो, त्यामुळे किडनी बंद असलेल्याला ते द्यायची डॉक्टरांना भीती वाटायची. काहींनी अर्धी मात्रा दिली, काहींनी डायलिसिसच्या दिवशीच दिली. नंतरच्या अनुभवात पूर्ण मात्रा रोज दिली तरी चालते हे दिसलं आणि नोव्हेंबर २०१९मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लेबल बदललं.

२८ जुलै २०१८ला आपल्याकडे राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तपासणी, व्हायरल लोड, गोळ्या, सगळं मोफत. त्याची माहिती डायलिसिस सेंटरच्या भिंतीवर का नसते, हे मला कळलेलं नाही. खरी गरज तिथेच आहे.

---

रक्तगाळणी
बुधवार, रात्री ९:४०

म्हसोबांच्या माहितीला दुजोरा. हा धागा उद्या दुसरं कोणी शोधत येईल, म्हणून गोळ्यांबद्दल थोडं लिहून ठेवतो.

सुरू करण्याआधी कावीळ बी ची तपासणी झालीच पाहिजे. सी दबला की कधी कधी सुप्त बी डोकं वर काढतो. टीबीचं औषध चालू असेल तर आधी बोला, रिफॅम्पिसिन या गोळ्यांचा परिणाम पुसून टाकतं. डायलिसिसवाल्यांना टीबी होण्याचं प्रमाण आपल्याकडे जास्त आहे, त्यामुळे ही अडचण वरचेवर येते. फिटच्या काही गोळ्यांचं तसंच. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन घेत असाल तर सांगा, ठोके धोकादायक मंद होऊ शकतात. आणि 'पॅन' ची गोळी! सकाळी उपाशीपोटी ऍसिडिटीची गोळी घेणं हा आपला राष्ट्रीय आचार आहे. वेल्पाटासव्हिर असलेली गोळी चालू असेल तर तिच्यामुळे औषध नीट शोषलं जात नाही. काय कधी घ्यायचं ते लिहून घ्या.

गोळी बुडवायची नाही. शंभरात पंचाण्णवच्या वर बरे होतात ते पूर्ण बारा आठवडे घेऊन. यकृत आधीच आकसलेलं असेल तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांना सोनोग्राफी चालू ठेवायची, कर्करोगाची शक्यता पूर्ण जात नाही.

आणि अण्णांसारख्यांची पुढची तपासणी कार्डाने करायचीच नाही. दर सहा महिन्यांनी आरएनए. कार्ड वापरून फक्त मनस्ताप मिळेल.

घरात ताट, वाटी, तांब्या, अंथरूण, नातू, यातल्या कशानेही हा पसरत नाही. पॉझिटिव्ह असतानाही पसरत नव्हता. वस्तरा, दात घासायचा ब्रश आणि साखर तपासायची सुई, हे ज्याचं त्याचं. आईंना दोष देऊ नका.

---

आरओचं_पाणी
बुधवार, रात्री ११:३०

डॉक्टर, एक राहिलं. डायलायझर रीयूज. आमच्याकडे एकच डायलायझर त्याच पेशंटला धुऊन परत वापरतात, पेरासेटिक ऍसिडमध्ये ठेवतात, आतली जागा ८० टक्क्यांखाली गेली की फेकतात. नाव लिहिलेलं असतं. पण नाव स्केचपेनने लिहिलेलं पुसट होतं, आणि एकाच आडनावाचे दोघं एका पाळीत असतात. धुवायची मोरी सगळ्यांची एकच असली की पाणी उडतं. नातेवाईकांनी लावताना स्वतः नाव वाचावं. टेक्निशियनला राग येत नाही. मला तरी येत नाही.

---

ठमाकाकू
गुरुवार, सकाळी ११:००

काल आईला घेऊन गेले होते. पहिल्यांदाच मशीनकडे न बघता हातांकडे बघत बसले. चार तासांत हातमोजे किती वेळा बदलले ते मोजलं. आकडा इथे लिहीत नाही. इन्चार्ज सिस्टरांना हळूच विचारलं की हेपॅरिनची बाटली सगळ्यांची एकच का. त्या म्हणाल्या, "तुम्ही कशाला त्यात पडता?"

अण्णांबद्दल जे लिहिलं ते तसंच राहू दे, संपादित करत नाही. पण आता भांडायचंय ते दुसऱ्या गोष्टीवरून.

---

सातासमुद्रापल्याड
गुरुवार, सायं. ५:१०

ठमाकाकू, भांडू नका, सोबत हँडरबची बाटली न्या आणि ट्रॉलीवर ठेवून या. "तुमच्यासाठी आणलीये" म्हणा. दहापैकी सात वेळा चालतं.

---

गोदाकाठ
पुढचा रविवार, दुपारी १२:२०

अद्यतन देतो. उशीर झाला, क्षमस्व.

वरच्या केंद्रातल्या डॉक्टरांकडून पत्र आणलं. एका पानाचं, साधं. 'विषाणू नाही, कार्ड पॉझिटिव्ह येत राहील, पुढील तपासणी आरएनएने करावी.' रक्तगाळणी यांचा 'दोन्हीपैकी एक ठरवा' हा मुद्दा मी इन्चार्जना तोंडी सांगायला गेलो आणि निम्म्यात अडखळलो. मग त्यांच्याकडे येणाऱ्या नेफ्रॉलॉजिस्टना गाठलं, ते महिन्यातून दोनदा येतात. त्यांनी पत्र वाचलं, फाइलवर सही केली आणि म्हणाले, "हे आधीच व्हायला हवं होतं." त्यावर इन्चार्जचं म्हणणं, बाकीचे पेशंट बोंब मारतील. शेवटी ठरलं की खिडकीजवळची खुर्ची, पट्टी नाही, पाळी सकाळी सहाची.

बाकीच्यांच्या तपासणीचं विचारलं. व्हायरल लोड सगळ्यांचा करणं परवडत नाही म्हणाले. मोफत कार्यक्रमातून नमुने पाठवता येतात का, याचा अर्ज मी सिव्हिलला दिला आहे. पोच घेतली. लाल मशीनवरच्या आठांपैकी पाच जणांनी गोळ्या कधी घेतल्याच नाहीत, कारण त्यांना मोफत मिळतात हेच ठाऊक नव्हतं. त्यातल्या दोघांना परवा मी गाडी करून घेऊन जातोय.

आईने ताट अजून वेगळंच ठेवलंय. म्हणते, सवय झाली. पण नातू परवा अण्णांच्या ताटातली भाकरी खाऊन गेला आणि ती काही बोलली नाही.

उद्या सोमवार. अण्णांनी पहिल्या गाडीवर कोण कंडक्टर आहे ते डेपोत फोन करून विचारून ठेवलंय.

---

नवा_गडी
रविवार, रात्री ९:४५

पूर्ण धागा आत्ता वाचला. माझ्या काकांचं डायलिसिस पुढच्या आठवड्यात सुरू होतंय, जिल्ह्याच्या गावी. सेंटर कार्डच करतंय. आरएनए आपण बाहेरून करून न्यावी का? आणि फिस्टुला अजून तयार नाही, मानेत नळी टाकणार आहेत.

---

आरओचं_पाणी
रविवार, रात्री १०:३०

करून न्या. सुरू व्हायच्या आधीचा रिपोर्ट हातात असला की नंतर कोणी दातवाल्याचं नाव घेत नाही. बी ची लस अजून झाली नसेल तर तीही आजच विचारा. मानेच्या नळीचं वेगळं आहे, ती ओली करायची नाही, अंघोळीला जपून. त्यावर नवा धागा काढा, इथे हरवून जाईल.